कडक भाकरी, स्ट्राँग कॉफी

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की आपल्याला लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर एवढंच सुचतं. सोलापूर? तिथे लोक चादरी घ्यायला जातात, नाहीतर तुळजापूर-अक्कलकोटला जाताना गाडी बदलायला! पण बॉस, एक वीकेंड फक्त खाण्यासाठी सोलापूरला द्याच. फेब्रुवारी 2023 पासून मुंबईहून पुणेमार्गे वंदे भारतही आहे.

आधी कॉफी. कॅपुचिनो शोधत फिरू नका. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एकाच रिक्षात ऐकू येतील असं हे शहर, कर्नाटकाची सीमा तासाभरावर. तेव्हा सरळ एखादं उडपी हॉटेल गाठा आणि फिल्टर कॉफी मागवा. दोन मजली फिल्टर, चिकोरी मिसळलेली पूड, वरून गरम पाणी आणि थेंब थेंब उतरणारं डिकॉक्शन. त्याला घाई चालत नाही, डेडलाइन तर नाहीच नाही! सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. म्हणजे हा घोट आपल्या शेजारघरचाच.

आता मेन कोर्स. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि मंद आचेवर पापडासारखी कडक होऊ द्यायची. पाण्याचा अंश उडाला की ती कित्येक दिवस टिकते. चटणीत भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ. उखळात कुटता कुटता दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी लालभडक, ओलसर होते. फ्रिज नको, मायक्रोवेव्ह नको. प्रवासासाठी यापेक्षा भारी पॅकेज कुठलं? जोडीला दही मात्र हवंच, नाहीतर कानातून धूर!

थंडीत गेलात तर हुरडा चुकवू नका. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्राही असते. गाडीनं जात असाल तर मोहोळजवळ लांबोटीला थांबून मक्याचा चिवडा घ्या.

आणि एक सांगायचंय. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं, 2023 हे तर जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. मॉलमध्ये ‘मिलेट क्रॅकर्स’ चकचकीत पाकिटात आले. त्यांचे पैसे आपण एका शब्दानं न विचारता स्वाइप करतो. इथे मात्र भाकरीच्या पाकिटावर पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस! सोलापुरात कितीतरी बायका या भाकऱ्या घरी एकेक करून हातानं थापतात, भर उन्हाळ्यातही चुलीसमोर बसून. त्यावर त्यांचं घर चालतं. तुमच्या पगारात कुणी असं ‘थोडं कमी करा ना’ म्हटलं तर?

तेव्हा भाव न करता चार पाकिटं जास्तच घ्या. सोमवारी डबा उघडल्यावर अख्खं ऑफिस तुमच्या टेबलापाशी येणार आहे!