धक्क्यावरच अडवा

‘नीलकमल’च्या प्रमाणपत्रावर ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी, एवढाच आकडा होता. १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीला निघालेल्या या बोटीत प्रत्यक्षात शंभराहून अधिक माणसे बसली होती. इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका ताबा सुटून तिच्यावर आदळली आणि दोन्हींवरची मिळून १५ माणसे जिवाला मुकली. धडक प्रवासी बोटीमुळे झाली नव्हती, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. पण पाण्यात फेकल्या गेलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते आणि बोटीत मर्यादेपेक्षा जास्त माणसे होती, या दोन गोष्टी धडकेच्या आधीच्या आहेत. बोट धक्क्याला बांधलेली होती तेव्हाच त्या कोणाच्या तरी नजरेला पडायला हव्या होत्या. राज्यातील सगळ्या जलपर्यटनाला आज हाच प्रश्न विचारायला हवा: हौसेने पाण्यावर जाणाऱ्या माणसाची आणि सरकारी वर्दीची गाठ नेमकी कधी पडते?

आजचे उत्तर असे की, संशय आला तर पडते, नाही तर माणसे बुडाल्यावर. त्याआधी ती क्वचितच पडते.

याला इतिहास आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. १९९३ मध्ये मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके रायगडच्या शेखाडीला उतरली. २००८ मध्ये दहा दहशतवादी ‘कुबेर’ ट्रॉलर बळकावून आले आणि कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीत रबरी बोटीतून उतरले. राज्याच्या ७२० किलोमीटर किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी, वेगवान गस्ती नौका, सागर रक्षक दले, मच्छीमारांची ओळखपत्रे, ‘सागर कवच’ सराव अशी जी यंत्रणा दिसते, तिच्यामागे या दोन जखमा आहेत. तिचे महत्त्व पुन्हा दिसले ते १८ ऑगस्ट २०२२ रोजी. हरिहरेश्वरजवळ ‘लेडी हान’ ही हौशी प्रवासाची नौका वाहत आली, तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या आणि ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर सारा जिल्हा खडबडून जागा झाला. चौकशीत कळले की, नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली; जूनमध्ये इंजिन बिघडल्यावर माणसांची सुटका झाली आणि रिकामी नौका प्रवाहाबरोबर कोकणात आली. घातपात नव्हता, तरी पोलिसांनी दाखवलेली सावधगिरी योग्यच होती.

मात्र या घडणीमुळे सागरी पोलिसाचे प्रश्न ठरून गेले. तुम्ही कोण, कुठून आलात, बोट कोणाची, कागद दाखवा. हे प्रश्न विचारून झाले की, बोटीतल्या चार वर्षांच्या मुलाच्या अंगावर त्याच्या मापाचे जॅकेट आहे का, हा प्रश्न विचारण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. बोटीत स्फोटके नाहीत याची खात्री होते. ती सुखरूप परत येईल याची खात्री करणे आपले काम आहे, असे त्याला वाटत नाही.

मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या हातातला कायदा १९८१ चा, आणि तो जन्मला यांत्रिक ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार यांच्या भांडणातून. २०२१ च्या दुरुस्तीने तो बराच कडक झाला. जाळ्याचा आस, पर्ससीन, एलईडीचा झोत, १ जून ते ३१ जुलैची बंदी आणि आता ५४ जातींच्या माशांसाठी ठरलेली किमान लांबी, इतके सगळे त्याला पाहायचे असते. मदतीला जानेवारी २०२५ पासून ड्रोन आले आहेत. ही लढाई खरी आहे आणि रापणकार, छोटा गिलनेटवाला यांच्या पोटाशी तिचा संबंध आहे. तिच्यातले मनुष्यबळ कमी करा, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण शनिवार-रविवारी भाड्याची बोट करून गरवायला जाणारी, महागड्या काठ्या घेतलेली शहरी मंडळी या कायद्याच्या मूळ चौकटीत कुठेच नव्हती. अधिकारी समोर आला की त्यांना वाटते, हे कोळ्यांचे कायदे आहेत, आपला काय संबंध? संबंध आहे. पिल्लू हौसेने मारले काय किंवा विकायला मारले काय, समुद्राचे नुकसान तेवढेच होते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये हौशी मासेमाराला शुल्क भरावे लागते आणि ते पैसे हौशी मासेमारीच्याच कामासाठी विश्वस्त निधीत जातात. बोट चालवणाऱ्याच्या रक्तातील मद्याची मर्यादा तिथे मोटार चालवणाऱ्याइतकीच आहे. पाण्यावर मजा करणे हा जबाबदारीचा व्यवहार आहे, ही गोष्ट तिथल्या नियमांनी गृहीत धरली आहे. आपल्याकडे ती अजून नीट मांडलेलीही नाही.

तिसरी वर्दी बंदर निरीक्षकाची. बोटीचे सर्वेक्षण झाले का, किती माणसे चालतील, तांडेलाकडे योग्यतेचा दाखला आहे का, हे पाहणे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाचे काम. अंतर्देशीय नौकांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा आला आहे. कागदावर उणीव थोडीच आहे. उणीव आहे ती खात्याखात्यांच्या मधल्या फटीत. कोकणातल्या कितीतरी होड्या पावसाळ्यानंतर मासेमारी करतात आणि सुट्ट्या लागल्या की पर्यटक नेतात. मासळी कमी झाल्यावर घर चालवण्यासाठी हे करणाऱ्या माणसाला दोष देता येत नाही. पण नोंद मासेमारीची, आणि आत बसलेले पुण्याचे कुटुंब, अशी होडी नेमकी कोणाची जबाबदारी? मत्स्य खाते म्हणेल, मासे धरत नाही. बंदर खाते म्हणेल, आमच्याकडे नोंद नाही. पोलीस म्हणतील, ओळखपत्र ठीक आहे. मालवणात तर समुद्री अभयारण्य असल्याने वनखात्याचीही हद्द लागते. चार खात्यांची हद्द असलेल्या पाण्यात पर्यटकाचा वाली कोणीच नसावा, ही स्थिती बदलायलाच हवी.

ती न बदलल्याची किंमत आपण मोजतच आहोत. जानेवारी २०१८ मध्ये डहाणूच्या समुद्रात सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबा करून परतणारी बोट बुडाली, दोघे गेले. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्यादरम्यान चालणारी होडी वादळात उलटली, सहा जण गेले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी गोव्यात कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा बळी गेला. प्रत्येक वेळी बोटमालकावर गुन्हा, मृतांच्या वारसांना मदत आणि सुरक्षेच्या सूचनांचे एक परिपत्रक. गेटवेच्या दुर्घटनेनंतर जॅकेटची सक्ती झाली, ती आवश्यकच होती. पण परिपत्रक धक्क्यावर उभे राहू शकत नाही, तिथे माणूसच उभा करावा लागतो.

वर्दीतला माणूस पाण्यावर असला म्हणजे काय होते, हेही याच किनाऱ्याने पाहिले आहे. १४ मार्च २०२० रोजी गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट किनाऱ्याजवळ बुडू लागली. रायगड पोलिसांची गस्ती नौका जवळच होती. तिच्यावरच्या माणसांनी क्षणाचाही उशीर न करता ८८ जणांना वाचवले. या पोलिसांचे जितके कौतुक व्हायला हवे होते, तितके झाले नाही. काही दिवसांत टाळेबंदी लागली आणि ही बातमी मागे पडली.

म्हणून आमची मागणी तपासणी वाढवा अशी आहे, आणि ती बोटवाल्यांच्या बाजूनेही आहे. सागरी पोलीस, परवाना अधिकारी, बंदर निरीक्षक यांपैकी जो कोणी पर्यटक नेणाऱ्या बोटीपाशी पोहोचेल, त्याला सुरक्षेची मूळ तपासणी करण्याचा अधिकार शासनाने द्यावा आणि तसे करणे बंधनकारकही करावे. माणसे मोजणे, जॅकेट अंगावर बांधलेले आहे का पाहणे, सर्वेक्षणाची मुदत आणि तांडेलाचा दाखला पाहणे, त्या दिवशीचा हवामानाचा इशारा विचारणे, याला दहा मिनिटेही लागत नाहीत. झाली की सही-शिक्क्याची चिठ्ठी द्यावी, म्हणजे त्याच बोटीला त्याच दिवशी तिघांनी तीनदा अडवायला नको. चिठ्ठीचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. तपासणी म्हणजे चिरीमिरी, हा किनाऱ्यावरचा जुना समज आहे, आणि अधिकाऱ्याने नाव, वेळ आणि आढळलेली गोष्ट लिहून दिल्याशिवाय तो जाणार नाही. मांडव्याला बंगला असलेल्याची स्पीडबोट आणि देवबागच्या माणसाची कर्जाने घेतलेली होडी, दोघांना ही चिठ्ठी सारखीच लागू हवी. गरिबाला अडवायचे आणि श्रीमंताला सलाम ठोकून सोडायचे, असे एकदा जरी घडले तरी बोटवाले पुढच्या तपासणीला जुमानणार नाहीत, आणि त्यांचे चुकणारही नाही.

पर्यटकांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. अडवलेल्या बोटीत पहिला आवाज बहुधा त्यांचाच चढतो. पैसे भरलेत, ऊन लागतेय, सोडा लवकर. जॅकेटला घामाचा वास येतो, फोटो चांगला येत नाही, म्हणून ते काढून मांडीवर ठेवले जाते. एसटीत उभ्याने जाता येते, तसे बोटीतही चार जास्त चालतील, असा हट्ट धरणारी कुटुंबे प्रत्येक धक्क्यावर दिसतात, आणि हंगाम मोजकाच असलेल्या बोटवाल्याला त्यांना नाही म्हणणे परवडत नाही. त्याच्या वतीने नाही म्हणायला तिथे वर्दी लागते. माणसे उतरवून बोट सोडणारा अधिकारी तिथल्या प्रत्येकाच्या घरच्यांचे काम करत असतो.

हा खर्च मोठा नाही. प्रवासी जलवाहतुकीच्या तिकिटावर थोडी रक्कम आकारून ती त्याच धक्क्यावरच्या तपासनिसाच्या पगारावर आणि लहान मुलांच्या मापाच्या जॅकेटवर खर्च करता येईल. मेअखेरीस पावसाळ्यासाठी बंद होणारी जलपर्यटनाची सेवा सप्टेंबरपासून सुरू होते. त्याआधी सागरी मंडळाने प्रत्येक धक्क्यावर सर्वेक्षण झालेल्या बोटींची यादी मराठीत लावावी आणि प्रत्येक बोटीच्या चढण्याच्या जागेशी किती माणसे चालतील तो आकडा ठळक रंगवून घ्यावा. उजनी, कोयना, भंडारदरा यांसारख्या जलाशयांवर सागरी पोलीस नाहीत आणि बंदर निरीक्षकही रोज जाऊ शकत नाही. तिथे हे काम जलसंपदा खात्याचे की तालुक्याच्या तहसीलदाराचे, हे गृह आणि बंदर खात्यांनी मिळून लेखी ठरवावे आणि त्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक काठावरच्या फलकावर लिहावा.