आटे, आठ्या आणि एक क्लिक

सबमिशनला चार दिवस राहिले होते. फिक्श्चर प्लेटला एम१० × १.५ ची बारा ब्लाइंड होल्स. अकरा झाली आणि बाराव्यात टॅप 'टक्' करून तुटला! एचएसएसचा टॅप आत अडकला की साधं ड्रिलही त्याला लागत नाही. प्लेट घेऊन ईडीएमवाल्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "परवा या." ग्रुपमधल्या सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. (आटे हा शब्द मला वर्कशॉपमध्येच कळला. मी कॉन्व्हेंटवाली. मामा "आटे खराब झालेत" म्हणाले तेव्हा मला आठ्याच ऐकू आलं होतं. हसू नका!)

तर मित्रांनो, माझा प्रश्न साधा आहे. आपल्याला थ्रेड मिलिंग का शिकवत नाहीत? व्हीएमसी आहे. जर्नलमध्ये मात्र जी८४ चं टॅपिंग उतरवून काढायचं, सही घ्यायची, विषय संपला. आणि कळस म्हणजे मामांच्या कपाटात एक थ्रेड मिल निघाली, डबीसुद्धा न उघडलेली!

थ्रेड मिल भोकापेक्षा बारीक असते. ती गोल फिरत एका फेरीत एक पिच वर सरकते आणि आटे कापते. तुटली तरी टॅपसारखी रुतून बसत नाही. उजव्या आट्यांना तळापासून वर जी०३ ने न्यायचं, म्हणजे क्लाइम्ब कट मिळतो, फिनिश छान येतं. गो गेज जात नसेल तर ऑफसेट दोन-तीन शतांश बदलायचा आणि पुन्हा फिरवायचं. टॅपमध्ये ही सोय कुठे? शिवाय १.५ पिचची तीच मिल एम१२ × १.५ लाही चालते. अर्थात शंभर थ्रू होल्स असतील तर मीही टॅपच घेईन. तो स्वस्त आणि झटपट, उगाच वाद नको.

आता सॉफ्टवेअरवाले म्हणतील, फ्यूजन स्टुडंट्सना फुकट मिळतं, 'थ्रेड' वर क्लिक केलं की झालं. मीही तेच केलं ना! सिम्युलेशनमध्ये टक्कर नाही, मी खूष. स्क्रॅपच्या तुकड्यावर चालवलं तर टूल भोकाच्या भिंतीला नुसतं घासत वर आलं. आटे शून्य. मामा म्हणाले, "अगं पोरी, भोक साडेआठचं, आटे दहाचे. मधला दीड मिलीमीटर कोण कापणार?" पिच डायमीटर ऑफसेट मी शून्यच ठेवला होता!

दुसरी चूक फीडची. मशीन फीड धरतं टूलच्या सेंटरचा. आमची मिल साडेसातची, म्हणजे सेंटर फिरतो २.५ च्या वर्तुळात आणि धार दहाच्या. कॅटलॉगमधला फीड तसाच टाकला, तर धार चौपट वेगाने कापणार. आवाज असा आला की मामांनी धावत येऊन बटण दाबलं. हे गणित दहावीच्या मुलालाही जमेल, पण विचारणार कोण?

ईडीएमवरून प्लेट आली, तरी त्या भोकात टॅपचे अर्धवट आटे होतेच. त्यांच्यावर मिलचे आटे जुळवणं आम्हाला जमेना. शेवटी नवी प्लेट घेतली आणि सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी बाराही होल्स मिलने केली. गो गेज गेलं, नो-गो अडलं.

तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये यासाठी दोन तास द्या, एवढंच मागणं आहे. मिल कपाटात आहे. डबी आम्ही उघडलीच आहे.