प्रोपेलर सर्वांत शेवटी

गेल्या सत्रात हॉबी रूममध्ये माझ्या मित्राच्या बोटाला तीन टाके पडले. चूक माझी होती. रडर नीट हलतो का ते बघायला मी नव्या विमानाची बॅटरी जोडली. प्रोपेलर लावलेलाच होता. मोटर तयार झाल्याचा बीप वाजला, मी पेचकस घ्यायला वळलो आणि स्वेटरची बाही ट्रान्समीटरच्या थ्रॉटलला लागली. विमान टेबलावरून सुटले. ते पडू नये म्हणून मित्राने हात पुढे केला.

त्यानंतर नियम झाला की अकरावीच्या खालच्या कॅडेटने तारांना हात लावायचा नाही. जोडणी इन्स्ट्रक्टर करतील, आम्ही फक्त उडवायचे. नियम काळजीपोटी झाला हे मला कळते. आईसुद्धा फोनवर म्हणाली, "नको रे बाबा तो छंद, बुद्धिबळ खेळ." तरीही मला हा नियम चुकीचा वाटतो, आणि ज्याच्यामुळे तो झाला त्यानेच हे लिहिलेले बरे.

ब्रशलेस मोटरला तीन तारा असतात. त्या कोणत्याही क्रमाने जोडल्या तरी चालते. मोटर उलटी फिरली तर त्यांतल्या कोणत्याही दोन अदलाबदल करायच्या. पण स्पीड कंट्रोलरच्या दुसऱ्या बाजूला, बॅटरीकडे, लाल-काळी उलटी लागली की कंट्रोलर जळालाच म्हणून समजा. कुठली चूक चालते आणि कुठली नाही, हे मला स्वतः सोल्डरिंग करताना पक्के कळले. कच्चा सांधा निस्तेज आणि खरखरीत दिसतो, हेही तेव्हाच ओळखता आले. (हीटश्रिंक नळी आधी ओवायला विसरण्याचा मान प्रत्येकाला एकदा तरी मिळतोच.)

दुसऱ्याने जोडून दिलेले विमान मात्र खेळणे वाटते. ते खेळणे नाही. १० इंची प्रोपेलर मिनिटाला ८००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३८० किलोमीटर होतो. हिशेब वहीत करून बघा.

फायरिंग रेंजवर रायफल धोक्याची आहे म्हणून ती फक्त उस्तादांनी चालवावी, असे कोणी म्हणत नाही. आपल्याला 'खाली कर' शिकवतात. शेजारच्याने रिकामी आहे म्हणून सांगितले तरी आपण स्वतः बघतो. तीच शिस्त हॉबी रूममध्ये का नको? खोलीतली सगळी तपासणी प्रोपेलर काढून करायची. तो मैदानावर, सर्वांत शेवटी लावायचा. बॅटरीच्या लाल तारेत एक आर्मिंग प्लग घालून तो विमानाच्या अंगाबाहेर, प्रोपेलरच्या मागे बसवायचा. उडवायच्या क्षणी मागून प्लग लावायचा, उतरताच काढायचा. खर्च एका कनेक्टरचा. सुरू करताना आधी ट्रान्समीटर, मग बॅटरी. बंद करताना नेमके उलटे. थ्रॉटल कटचे बटण नेमायचेच. त्या दिवशी मी ते नेमले नव्हते. आणि प्रत्येक सांधा इन्स्ट्रक्टरांनी ओढून बघितल्याशिवाय बॅटरी कपाटातून बाहेर काढायची नाही.

हे सगळे अर्जात लिहून मी सरांना दिले आहे. अर्जावर दुसरी सही त्याच मित्राची आहे. आमच्यात सर्वांत स्वच्छ सोल्डरिंग तोच करतो.