क्षयाचा उपचार आणि डोळ्यांची हेळसांड

मुंबईत दरवर्षी सुमारे ६० हजार क्षयरुग्णांची नोंद होते. पवईत हिरानंदानीच्या मनोऱ्यांपलीकडे फिल्टरपाडा, मोरारजीनगरच्या दाट वस्त्या आहेत. हा आजार अशाच ठिकाणी फोफावतो. रुग्णांना मिळणाऱ्या गोळीत इथॅम्ब्युटॉल हे औषध असते. ते काही जणांच्या डोळ्यांच्या नसेला इजा करते, हे वैद्यकशास्त्राला १९६०च्या दशकापासून ठाऊक आहे.

मग आज हा विषय का? २०१७ पर्यंत सरकारी उपचारात नव्या रुग्णांना गोळ्या आठवड्यातून तीनदा मिळत आणि इथॅम्ब्युटॉल पहिले दोन महिनेच असे. त्या वर्षी देशभर रोजच्या मात्रेची पद्धत आली आणि हे औषध सहाही महिने सुरू राहू लागले. आयसोनियाझिड या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद न देणारे जंतू वाढले होते, त्यामुळे निर्णय योग्यच होता. पण औषध दुपटीहून अधिक वाढले, त्या प्रमाणात डोळ्यांवरची देखरेख वाढली नाही. त्यानंतर देशातील नेत्रतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांतून वारंवार इशारे दिले आहेत.

हा त्रास दबक्या पावलांनी येतो. सहसा दोन महिन्यांनंतर दोन्ही डोळ्यांना मधोमध अंधुक दिसू लागते, लाल-हिरव्यातला फरक पुसट होतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. सुरुवातीला आतला पडदाही निरोगी दिसतो. वयस्क रुग्ण मोतीबिंदू समजतो, तरुण अशक्तपणा. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना, त्यातही मधुमेहींना, धोका अधिक. वेळेत औषध थांबवले तर अनेकांची दृष्टी बरीचशी परतते. उशीर झाला तर कायमची अधू होते. इथे एक व्यावहारिक अडचण आहे. अनेक औषधे एकाच गोळीत असल्याने त्यातले एक काढता येत नाही. उरलेली औषधे सुटी द्यावी लागतात आणि ती केंद्रात उपलब्ध असावी लागतात.

तपासणीचा खर्च म्हणाल तर भिंतीवरचा अक्षरतक्ता आणि रंगीत ठिपक्यांचे इशिहारा पुस्तक, बस्स. उपचार सुरू होताना एकदा आणि पुढे दरमहा, वजनासोबत, पाच मिनिटांचे काम. महापालिकेने ते प्रत्येक क्षय केंद्रात सक्तीचे करावे आणि नोंद ‘निक्षय’ या सरकारी क्षयनोंदणी पोर्टलवर घ्यावी. अशी नोंद वर्षभर झाली तर मुंबईतल्या किती रुग्णांना, कितव्या महिन्यात, किती मात्रेवर इजा झाली याचे उत्तर मिळेल. बहुऔषधरोधक क्षयासाठीचे लिनेझोलिडही डोळ्यांच्या नसेला बाधते, त्याचाही हिशेब त्यात लागेल. आरोग्यसेविकेच्या मोबाइलवर रंगदृष्टी तपासणारे विश्वासार्ह साधन पवईतल्याच आयआयटीने शेजारच्या वस्तीसाठी तयार करायला काय हरकत आहे? रोबोट आणि उपग्रह तिथे होतच आहेत.

रुग्णांना मात्र एकच सांगणे: नजर बदलली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, पण क्षयाचा उपचार मनाने अर्धवट सोडू नका. औषधाचा दुष्परिणाम रुग्णाला स्वतःही कळवता येतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे.