डिझेलला वेग नसतो?

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल तापोळ्याला गेली होती. शिवसागर जलाशयात स्पीड बोटीतून फेरी झाली. बोट नाक वर करून उसळली तेव्हा मी चालकाला विचारले, "इंजिन डिझेलचे का हो?" तो "पेट्रोलचे" म्हणतो न म्हणतो तोच एक मित्र म्हणाला, "अरे, डिझेलचे इंजिन तुमच्या विहिरीवर! इथे लावले तर बोटीची बैलगाडी होईल." सगळे हसले, मीही हसलो. पण तो विनोद काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

मित्राचा समज अगदीच निराधार नाही. नीरेच्या काठी आमचे जुने डिझेल इंजिन आहे. वीज गेली की वडील हँडल मारून ते सुरू करतात. जागचे हलवायचे तर चार माणसे लागतात. या जडपणाला कारण आहे. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. आत घेतलेली हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. तो दाब सोसायचा तर लोखंड जाड हवे. उलट स्पीड बोटीला पाणी कापत नव्हे, तर पाण्यावर उचलून घसरत जायचे असते. वजन हा तिचा शत्रू. मग डिझेल आणि वेग यांचे जमावे कसे?

पण ते फार पूर्वीच जमले आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या वेगवान टॉर्पेडो बोटी डेमलर-बेंझच्या डिझेल इंजिनांवर धावत. अमेरिकेच्या अशाच बोटींना पेट्रोलची इंजिने होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी ज्या बोटीचे कप्तान होते, तिला ऑगस्ट १९४३ मध्ये जपानी विनाशिकेने धडक दिली, तेव्हा पेट्रोल भडकून समुद्रावर आग पसरली होती. आणि आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल, तर ४ डिसेंबर १९७१ ची रात्र आठवावी. कराचीवर हल्ला करणाऱ्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या सोविएत बनावटीच्या क्षेपणास्त्र नौका डिझेलवरच चालत. एकेका नौकेत तीन इंजिने, एकेका इंजिनाला ४२ सिलिंडर! याच दिवसाच्या स्मरणार्थ आपण नौदल दिन साजरा करतो.

तेव्हापासून इंजिन आणखी सुधारले. टर्बोचार्जर बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर जास्त हवा आत कोंबतो. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून कितीतरी अधिक शक्ती मिळते.

माझ्या मते वेगापेक्षाही मोठा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. वडील आम्हाला पेट्रोलच्या कॅनजवळ कधी फिरकू देत नसत. डिझेलचा डबा मात्र वर्षानुवर्षे गोठ्याच्या कोपऱ्यात असे. त्यांना शास्त्र ठाऊक नव्हते, अनुभव होता. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. ती हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. डिझेलची वाफ पेटण्याजोगी व्हायला मात्र ते सुमारे ५० अंशांच्या वर तापावे लागते. बोटीला आग लागली, तर माणसाने पळावे कुठे?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डिझेल इंजिन महाग पडते. लहान बोटीला हलके पेट्रोल इंजिनच परवडते. डिझेल पाण्यात सांडले तर पेट्रोलसारखे लवकर उडून जात नाही. तेव्हा सरसकट सगळ्या बोटी बदला, असे मी म्हणणार नाही. घटकाभराच्या मौजेसाठी तर मुळीच नाही.

पण वेग कुणासाठी, हा प्रश्न उरतोच. १९६० च्या दशकात कोयनेचे पाणी चढले आणि कांदाटी खोऱ्यातील कित्येक गावांचा जवळचा रस्ता पाण्याखाली गेला. लाँच हीच त्यांची एसटी झाली. आमची फेरी चालू असताना पलीकडून एक लाँच संथपणे येत होती. तिच्यात बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बाया आणि एक म्हातारा घोंगडी पांघरून बसला होता. आम्ही तिला वळसा घालून, लाटा उडवीत पुढे गेलो. आम्हाला कुठेही पोचायचे नव्हते. तरी वेग आमच्याकडे होता. अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेला गडी पलीकडून आणायचा असेल, तर अशा वेळी दणकट, सुरक्षित, डिझेलवर धावणारी वेगवान बोट प्रथम त्या काठाला हवी.

भारतातले पहिले डिझेल इंजिन १९३३ साली आपल्या साताऱ्याच्या कूपर कारखान्याने बनवले. त्याच जिल्ह्यात बसून डिझेलला वेग नसतो म्हणून आपण हसावे, हे काही बरे नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझी फी कित्येकदा त्या धडधडणाऱ्या इंजिनाने भिजवलेल्या उसातून आली आहे. मित्राच्या विनोदावर मी त्या दिवशी हसलो खरा. पण उत्तर द्यायचे राहिले होते, ते आज दिले.