गाडगं डोक्यावर घ्या

विलायतेत मुताच्या भांड्याच्या तळाशी नेपोलियनचं तोंड बसवायचे. रोज बादशहावर धार. ती भांडी आता म्युझियममध्ये. विद्वान त्यांना लोककला म्हणतात, राजकीय विनोद म्हणतात. कबूल.

पण दोस्तहो, आपल्या मडक्याचं काय? पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात थुंकीसाठी मडकं. बाबासाहेबांनी १९३६ साली ते छापून जगापुढे मांडलं. तोही विनोदच, सत्तेचा.

त्याला उत्तर दिलं शेंडगावच्या डेबूजी परटानं. गाडग्यातच भाकर खाल्ली, खापर डोक्यावर घातलं. राजाला मुकुट, ह्याला खापर! लोकांनी नाव पाडलं गाडगेबाबा. गावाची घाण झाडून कीर्तनात नवस, बुवाबाजी, शिवाशीव सोलून काढली. माणसं पोट धरून हसली आणि खजील झाली. गाडग्यावर एक रेघ रंगवलेली नव्हती.

सरकारनं २००० साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. झाडू घेतला, टवाळी गाळली. २०१३ ला कायदा आला, तरी गटारात गुदमरून मरतात ती आपलीच माणसं.

मी गोदीत खोकी उचलतो. चिनी मातीच्या खोक्यावर ‘नाजूक, जपून’ छापलेलं असतं. गटारात उतरणाऱ्याच्या पाठीवर कोण छापतो?

गोरेगावच्या पोरांनो, बाबाचं गाडगं हार घालून फोटोत ठेवू नका. डोक्यावर घ्या, आणि ज्यांना टोचेल त्यांच्या दारात जाऊन हसा.