हुकलेले चाळीस सेंटिमीटर
टोकियोच्या जागतिक मैदानी स्पर्धेत १८ सप्टेंबर २०२५ रोजी सचिन यादव याने पहिल्याच फेकीत ८६.२७ मीटर अंतर गाठले. कांस्यपदक अवघ्या चाळीस सेंटिमीटरने हुकले. नीरज चोप्रा मात्र आठवा आला. बागपत जिल्ह्यातील हा उंचापुरा तरुण पूर्वी क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी करीत असे. भाला उशिराच हाती आला. उशिराने वाट बंद होत नाही, परंतु हात पारखणारा भेटावा लागतो! राजुरा परिसरात असे हात नाहीत काय? चंद्रपूर जिल्ह्याच्या आश्रमशाळांतील पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केले, ते ‘मिशन शौर्य’मध्ये त्यांना निवडून रीतसर प्रशिक्षण दिले गेले म्हणून. भालाफेकीला हिमालय लागत नाही. मैदान, भाला आणि रोज तेथे उभा राहणारा मार्गदर्शक पुरे. राजुऱ्याच्या मुलांना शासनाने यांतील तिसरी गोष्ट आधी द्यावी.